गुरुपादची तपासणी

"ह्या वक्ताला तूच घाल. आत ठिपका चमकला की बटण दाबायचं, एवढंच हाय," असं म्हणत गुरुपादनं ते यंत्र बायकोच्या, बसव्वाच्या हातात दिलं.

हुपरीत चाळीस वर्षं तो चांदीच्या पैंजणांच्या कड्या आगीवर जोडत आला होता. उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याला बांधायचं हे गॉगलसारखं यंत्र घरी दिलं. आठवड्यातून एकदा तपासणी करायची. नजर किती उरली ते मोबाइलवरून थेट दवाखान्यात कळायचं. मागच्या खेपेला नजर आणखी घटली, आणि मुलगा सोमशेखर म्हणाला, पुन्हा असं आलं तर कामाला बसायचं नाही. काम सुटलं तर दिवस कसा ढकलायचा, हे गुरुपादला ठाऊक नव्हतं. बसव्वानं डोळ्यांची तक्रार कधी केली नव्हती. तिच्या नजरेवर निभावून जाईल, असं त्याला वाटलं.

तिला हे पटलं नाही, पण तिनं यंत्र बांधलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. डाव्या डोळ्याची नजर एकाएकी फार गेलेली दिसते, उद्याच या.

डावा डोळा तर त्याचा धडधाकट होता. फोन ठेवून गुरुपाद स्वयंपाकघरात गेला. बसव्वा भाकरी थापत होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला.

"डाव्या डोळ्यानं दिसतंय का तुला?"

"कडंचं दिसत न्हाय. वय झालं की."

"कधीपास्नं?"

"झाली असतील दोन वर्सं."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "घरात तुमच्याच डोळ्याचं चाललंतं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बसव्वाला तपासून म्हणाल्या, गेलेली नजर परत यायची नाही; थेंब नेमानं घातले तर उरलेली राखता येईल. मग गुरुपाद स्वतः तपासणीच्या खुर्चीत बसला. दिसले तेवढ्याच ठिपक्यांना त्यानं बटण दाबलं. बराच वेळ त्याचं बोट हललं नाही.

बाहेर पडून दोघं एसटी स्टँडकडं निघाली. बसव्वाबरोबर चालताना तो जन्मभर चार पावलं पुढं असायचा. रस्त्याच्या कडेला तो थांबला, ती जवळ आल्यावर मागून वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला आला.

"हिकडनं का?" तिनं विचारलं.

"चल," तो म्हणाला, आणि तिच्या पावलानं चालू लागला.