चिमट्याचा माइक

"नाव काय तुयं?"

"जया," रुपाली म्हणाली.

मुखरूभाऊंनी मान वर केली नाही. टेबलावर हेडफोन उलटा ठेवून ते त्याची वायर बोटांत फिरवून पाहत होते. "त... तुमाले नाई इचारलं बाई. पोरीले इचारलं."

रुपाली ओशाळली. तिची मुलगी जया नऊ वर्षांची होती. नाव सांगायचं म्हटलं की 'ज' ओठांशी येऊन अडे, मान ताठ होई, डोळे गच्च मिटले जात. तेवढा क्षण रुपालीला पाहवत नसे. मग शब्द ती स्वतःच पुरवून टाकी, शाळेत, किराण्यात, पाहुण्यांत. पोरीला कुणी हसू नये, एवढंच तिला हवं असे. ती बी.एस्सी. झालेली बाई. नागपूरच्या डॉक्टरांकडे दोनदा नेऊन आणलं होतं. 'बोलताना घाई होऊ देऊ नका,' असं ते म्हणाले होते. घाई नेमकं कोण करतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

दोन हजार आठच्या मे महिन्यातली गोष्ट. जयाचा बाबा सुरेंद्र हैदराबादला नोकरीला होता. आरमोरीच्या घरी त्यानं जुना कॉम्प्युटर आणून ठेवला होता, आणि दिवाळीपासून इंटरनेटही आलं होतं. रविवारी लोडशेडिंग संपलं की बापलेक रणगाड्यांचा खेळ खेळत. दोघं एका बाजूला. बाबाचा रणगाडा पुढे, जयाचा मागे. शत्रू कुठून येतो ते मागच्यानं सांगायचं. जया ते टाइप करून सांगे. टाइप करताना ती कधी अडत नसे. पण खेळाच्या बटणांवरून हात काढून दोन शब्द लिहीपर्यंत तिकडे बाबाचा रणगाडा फुटलेला असे.

गेल्या रविवारी तिनं वहीच्या कागदावर लिहून आईला दिलं होतं, 'मला माइक पाहिजे.'

रुपालीनं तो कागद तीनदा वाचला. वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी ही पोर, आणि तिला माइक पाहिजे! सुरेंद्रच्या खोलीवर आणखी दोघं राहत, खेळ बघायला तेही बसत. ते हसले तर? तरी ती पोरीला घेऊन निघाली. माइकवाला हेडफोन गावात मिळेना. एका दुकानदारानं घरचाच साधा हेडफोन घेऊन मुखरूभाऊंकडे जायला सांगितलं.

मुखरूभाऊ म्हणजे नाटकातला माइकवाला माणूस. दिवाळी ते होळी वडशाच्या नाटक मंडळीबरोबर गावोगाव फिरायचं, स्टेजवर नटांच्या डोक्यावर माइक लोंबते सोडायचे, आणि बाकीचे महिने बाजाराजवळच्या या खोपट्यात रेडिओ, पंखे दुरुस्त करायचे. आख्खा तालुका त्यांना एकाच वाक्यानं ओळखे. 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन.' त्यापुढे माइकवरून त्यांच्या तोंडून काही ऐकल्याचं कुणाला आठवत नसे.

"बाई, घाई असन त उद्या या!" समोरच्या टपरीवरून झाडू नावाचा चहावाला ओरडला. "मुखरूभाऊ एक गोष्ट सांगतवरी माही दुसरी चाय उकळते!"

"त्याची च... चाय उकळते कुठी?" मुखरूभाऊ आरामात म्हणाले. "नुसतं प... पाणी गरम होते."

झाडू खो खो हसला. मुखरूभाऊही हसले. जयानं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मोठा माणूस असा अडतो, आणि अडून वर हसतोही, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"पक्का बसवू, का काढता-घालता?" त्यांनी जयाला विचारलं.

जयानं अंगठा आणि बोट जवळ आणलं, पुन्हा उघडलं.

"काढता-घालता. बरोबर."

त्यांनी खणातून नाटकातला एक जुना कॉलर माइक काढला, हरभऱ्याएवढा. कपडे वाळत घालायच्या प्लास्टिकच्या चिमट्याला सायकलच्या चाकाची तार वाकवून बांधली. तारेच्या टोकाला माइक, त्यावर पावडरच्या पफची टोपी. माइकची वायर हेडफोनच्या वायरीशी दोऱ्यानं गुंडाळली, टोकाला कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात बसेल अशी गुलाबी पिन जोडली. चिमटा हेडफोनच्या कानाशी लावून त्यांनी तो जयाच्या डोक्यावर चढवला आणि तार किंचित बाजूला वळवली.

"तोंडासमोर नोको, गालापाशी. श्वास लागला का फू फू करते. आन आपल्याले श्वास ज... जरा जास्तच लागते, नाई का?"

जया हसली.

"बोलावं वाटलं त लावजो. नाई वाटलं त काढून ठेवजो. जबरदस्ती नाई." त्यांनी पिन कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खोक्याला जोडली. "आता टेस्टिंग."

"भाऊ, ती काय म्हणते, तिला..." रुपालीनं सुरुवात केली.

मुखरूभाऊंनी तळहात वर केला. नाटकात पेटीवाल्याला 'थांब, अजून नाही' अशी खूण करतात, तसा.

"तुले बोलाचं नाई," ते जयाला म्हणाले. "फकस्त माइक पाहाचा हाय. मी नाटकात म्हणतो तसं."

आणि जया म्हणाली, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन."

स्वच्छ. एकदाही न अडता. खोक्यातून तो आवाज मोठा होऊन रस्त्यापर्यंत गेला. झाडूनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"आता नाव."

"ज..."

रुपालीचं तोंड उघडलं. तो हात अजून वरच होता. रस्त्यानं एक सायकल गेली, कॅरिअरवरचा पत्रा खडखडत दूरपर्यंत वाजत राहिला. हात वरच होता.

"ज... जया."

मुखरूभाऊंनी हात खाली घेतला. "माइक चांगला हाय," ते म्हणाले.

रविवारी अकराला लाइट आली. जयानं हेडफोन चढवला, चिमटा लावला, आधी टेस्टिंग केलं आणि खेळायला बसली. रुपाली मागे उभी. बाबाचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. पडद्यावरचे दोन हिरवे रणगाडे तेवढे दिसत होते. डाव्या हाताच्या पडक्या भिंतीआडून लाल रणगाडा निघाला. जयाचे हात बटणांवरच होते.

"बाबा, ड... ड..."

डावीकडे! शब्द रुपालीच्या जिभेवर तयार होता. तिनं ओढणीचं टोक तोंडावर दाबून धरलं.

आणि तिला दिसलं की पुढचा हिरवा रणगाडा भर रस्त्यात थांबला आहे. पळत नाही, वळत नाही. लाल नळी त्याच्याकडे फिरली, तरीही तो तिथंच.

"ड... डावीकडून आला!"

तेवढ्यात धूर झाला. बाबाचा रणगाडा फुटला.

जयानं एका कानावरचा हेडफोन काढून आईच्या कानाला लावला. तिकडे तिघंही हसत होते. पण ते हसणं रुपालीला भीती वाटायची तसलं नव्हतं. सुरेंद्र म्हणत होता, "फुटलो ना बेटा! फुटू दे. म्या पूरं आयकलं. चल, आखीन एक डाव खेळू."

दुपारपर्यंत तो चार वेळा फुटला. नंतर जयानं चिमटा काढला, वायर नीट गुंडाळली आणि जेवायला बसून भाजीला मीठ नाही असं सांगितलं. सांगायला वेळ लागला. रुपालीनं मिठाची बरणी हातात धरून ते पूर्ण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मुखरूभाऊंच्या दुकानात गेल्या. रुपालीनं वाटेत सगळं मनाशी जुळवलं होतं. तुमचे उपकार, नऊ वर्षांत मला जे कळलं नाही ते तुम्ही, असं बरंच काही. मुखरूभाऊ एका रेडिओवर वाकले होते. त्यांनी वर पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही..."

पुढे काही येईना. ओठ हलले, शब्द नाही.

"आ... आई म्हणते..." जयानं सुरुवात केली.

मुखरूभाऊंनी तिच्याकडे पाहून तळहात वर केला. मग हातातला पेचकस रेडिओशेजारी ठेवला, स्टूल थोडं मागे सरकवलं, आणि रुपालीकडे पाहत वाट बघत बसले.