न जाळलेला कांदा

धाकट्या बहिणीने नदीपलीकडे खाणावळ काढली तेव्हा थोरलीला काही वाटलं नाही. खाणावळ चालायला लागली तेव्हा थोडं वाटलं. पण दर्शनी काचेवर लाल अक्षरांत ‘आईच्या हातचं माशाचं कालवण’ असं रंगवलेलं दिसलं आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आईच्या हातचं म्हणे,” शिलाई मशीनवर बसता बसता ती नवऱ्याला म्हणाली. “त्या हाताला बावीस वर्षं तेल कोण चोळत होतं?”

नवरा दाढी करत होता. गालावर फेस असला की उत्तर द्यावं लागत नाही, हे तो संसारात लवकर शिकला होता.

राहत्या घराच्या पुढच्या खोलीत थोरलीचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटी आखूड करायच्या, कोट आत घ्यायचे, चेन बदलायच्या. घर आईचं. आईला दमा जडला तेव्हा कुणीतरी तिच्याजवळ राहायला हवंच होतं, म्हणून लग्नानंतरही थोरली इथेच राहिली. धाकटी त्याच सुमारास लग्न करून पूल ओलांडून गेली. महिन्यातून एकदा ती फळांची पिशवी घेऊन यायची, आईला पोट धरून हसवायची आणि चहा पिऊन चारच्या बसने परत जायची. जेवायला म्हणून कधी थांबली नाही. ती गेल्यावर आई तासभर तिचंच कौतुक करायची, आणि थोरली वाफेचं भांडं पुढ्यात ठेवून म्हणायची, “बोलू नको आता, श्वास घे.” आई जाऊन वर्ष झालं होतं, तरी ते कौतुक थोरलीच्या कानातून जात नव्हतं.

आता पाटीचा राग होता तो वेगळाच. पलीकडच्या काठावर कालवणाचा कांदा जाळावर काळा करतात आणि मग वाटतात. अलीकडच्या काठावर कांदा नुसता मऊ परततात. निदान थोरली तरी तसं ठासून सांगायची. गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या पँटीला टाचण्या लावता लावता तिने हे इतक्या जणांना ऐकवलं होतं की हळूहळू गल्लीचंही तेच मत झालं होतं. “आपल्याकडे कांदा जाळत नाहीत,” ती म्हणायची, आणि टाचण्या हातात असलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

अशात एक दिवस कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला एक बाई आल्या. दोन्ही काठांच्या स्वयंपाकावर त्या पुस्तक लिहीत होत्या. प्रत्येक काठाची, एका पदार्थाची एकच कृती, आणि खाली जिची कृती तिचं नाव.

“अलीकडच्या काठाचं कालवण मला मिळालंय,” पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या. “तुमच्या बहिणीकडे. खाली तुमच्या आईचं नाव घालणार आहे. फक्त कांदा जाळलेला होता, म्हणून जरा शंका आली.”

थोरलीने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

“शंका कसली, चूकच आहे ती. पलीकडे नांदून नांदून पलीकडचीच झाली ती. शनिवारी दुपारी तिच्या खाणावळीत या. मी डबा घेऊन येते. दोन्ही खा आणि मग आईचं नाव कुठल्या कृतीखाली घालायचं ते ठरवा.”

शनिवारी ती पहाटेपासून ओट्यापाशी होती. डबा मांडीवर घेऊन बसने पूल ओलांडताना तिने बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. धाकटीला चारचौघांत खाली मान घालायला लावायची, एवढं एकच तिच्या मनात होतं, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

खाणावळीत आठ टेबलं होती आणि दाराबाहेर माणसं खोळंबली होती. तेही खुपलं. त्याहून खुपलं ते गिऱ्हाइकं धाकटीला हाक मारत होती ते. “ताई, भात!” “ताई, इकडे जरा!” जगात थोरलीला ताई म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते माणूस इथे सगळ्या गावाची ताई होऊन फिरत होतं.

“ताई, आलीस?” धाकटी हात पुसत आली. ती घाबरलेली होती. पुस्तकवाल्या बाईंनी तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर तिने थोरलीपुढे ताट ठेवलं. तिथे आधीच बसलेल्या बाईंनी वही उघडली.

थोरलीने भात कालवला आणि पहिला घास घेतला.

आणि आई समोर उभी राहिली. नुसती आठवली नाही, उभी राहिली. चिमट्यात कांदा धरलेला, तोंड धुराकडून फिरवलेलं, “अगं, मागचं दार उघड, मरते की मी,” म्हणत हसणारी. दार उघडायला धावणारी नऊ वर्षांची पोर म्हणजे थोरली स्वतः.

आई कांदा जाळायची.

थोरली चावायची थांबली. आता ओळीने सगळं आठवायला लागलं. डॉक्टर म्हणाले, घरात धूर नको, म्हणून कांदा जाळणं तिनेच बंद केलं. मग मीठ कमी झालं. मग तिखट गेलं. आईचे दात गेले तेव्हा ती काटे काढून मासा कुस्करून घालायला लागली. एकेका वेळी अर्धा इंच आत घेतलेला कोट असावा, तसं ते कालवण. आणि शेजारणीने विचारलं होतं, असं फिकं का गं, तेव्हा आई समोरच बसलेली. आईला सोसत नाही असं म्हटलं असतं तर आईचे डोळे भरले असते. म्हणून थोरली म्हणाली होती, आपल्याकडे कांदा जाळत नाहीत. तेव्हापासून म्हणतच राहिली, आणि खोटं होतं हेही विसरून गेली.

जळफळाट मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. हसणारी, धुरात उभी असलेली आई धाकटी पूल ओलांडताना घेऊन गेली होती. थोरलीच्या वाट्याला उशीला टेकलेली आली होती.

“मग?” पुस्तकवाल्या बाईंनी विचारलं. “कुठे चुकलंय?”

धाकटी खुर्चीची पाठ धरून उभी होती. थोरलीने नुसतं ‘कांदा’ म्हटलं असतं तरी काम झालं असतं. खोटं बोलणं अवघड नव्हतं, सवयीचंच होतं. पण तोंडात अजून तो घास होता, आणि त्या घासासमोर जीभ वळेना.

“काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. “आई असंच करायची. हिचंच लिहा.”

धाकटी खुर्चीत बसली. डोळे पुसून थोरलीने आणलेला डबा तिने ओढला आणि झाकण काढलं. आत फिकं, पिवळसर कालवण. तिने चमचाभर घेतलं आणि गोंधळून वर पाहिलं.

“ताई, हे काय आहे?”

“आईचं जेवण. दिवसाआड करायचे. बावीस वर्षं.”

“आई हे खायची? एवढं अळणी?”

“वाटी पुसून खायची. आणि मग विचारायची, अजून आहे का गं. शेवटच्या दिवशीही विचारलं.”

धाकटीने आणखी एक चमचा घेतला, सावकाश, तोंडात धरून ठेवल्यासारखा. तिचा चेहरा बदलत गेला. ओठ आवळले गेले, नजर डब्यावरून हलेना. थोरलीने तो चेहरा लगेच ओळखला. धाकटीचं कौतुक ऐकल्यावर वर्षानुवर्षं तो तिच्या स्वतःच्या आरशात होता.

तिला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

“हेही घेऊ का पुस्तकात?” बाईंनी पेन उचलून विचारलं. “काय नाव देऊ?”

“हे नको,” थोरली म्हणाली. “हे एकाच माणसासाठी होतं.”

तिने झाकण घेतलं आणि डब्याला हात घातला. धाकटीने पलीकडून डबा धरून ठेवला.

“ताई, राहू दे ना जरा.”

थोरलीने राहू दिला. हात मात्र काढला नाही.