घाटावरची माडी

पेन्शनीत निघालेले हंबीरराव सुभेदार कुंडलहून बायकोला घेऊन वाईला आले, आणि सख्खी बहीण बनुबाई गावात असताना घाटावरच्या एका माडीत भाड्यानं उतरले. घ्या! कुणाला सांगायची सोय तरी होती का? बहिणीच्या गावी गेलं की पिशवी आधी तिच्या उंबऱ्यात टेकवायची, मग देव बघायचा, ही आपली रीत. पण बनुबाईचं घर गावाबाहेर, पत्र्याच्या एका खोलीत सगळं बिऱ्हाड. आणि पलटणीत असल्यापासून सुभेदारांच्या मनात होतं, की एकदा तरी जुन्या वाईत राहायचं, डोळे उघडले की खाली कृष्णा दिसली पाहिजे.

"वन्संना कळलं तर?" बायकोनं, मनुबाईनं विचारलं.

"कळतंय कशाला? उद्या जाऊ की, आत्ताच यष्टीतनं उतरलो म्हणून."

बोलायला बोलले, पण जेवताना सारखी बनूच आठवत राहिली. बनूनं ह्या भावासाठी काय कमी केलं होतं?

सकाळी देवळाच्या घंटेनं जाग आली. खिडकी उघडली, आणि अहाहा! पाण्यावर कोवळं ऊन, ओल्या दगडी पायऱ्या. सुभेदार हरखून गेले. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. खिडकीखालच्याच पायरीवर बनुबाई धुणं आपटत होती. तिच्या वस्तीतल्या बायका धुवायला ह्याच घाटावर येतात, हे ह्या शहाण्याला कुठं ठाऊक!

तिनं मान वर केली. भावाला बघून चेहरा फुलला. मग मागं उभी वहिनी दिसली, दोरीवर वाळत घातलेलं धोतर दिसलं, आणि तिचं हसू तिथंच विरलं.

शेजारची धोंडुबाई म्हणाली, "आगं बने, त्यो माडीवर तुजा सुबेदार भाऊच न्हवं?"

सुभेदारांनी खिडकीचा गज घट्ट धरला. लाजेनं मेल्यासारखं झालं. एक हाक मारायची, जिना उतरायचा, पाय धरायचे. पण हात गजावरनं सुटेल तर शपथ!

बनुबाईनं लुगडं पिळलं.

"खुळी का काय तू? माजा भाऊ वाईला आला, तर माज्याच घरी उतरंल. दुसरीकडं पाय बी ठेवायचा न्हाई त्यो."

पिळे पाटीत भरून ती घाट चढून गेली. वर एकदाही बघितलं नाही.