भाताच्या गोळ्यातला मुतखडा

विहाराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सीथोन गुरुजी थोंगदीकाकांच्या उघड्या पाठीवर चिकट भाताचा गोळा फिरवत होते.

"नीघ रे खड्या! सात पाताळांचा हुकूम आहे, नीघ!"

त्यांनी गोळा फोडला. आत काळा खडा! अंगण हात जोडून उभं राहिलं.

"बघितलंस, राच्चनी?" काका आपल्या डॉक्टर लेकीला म्हणाले. "उद्याचं ऑपरेशन रद्द. लघवीसुद्धा सुटली!"

"बाबा, ती आधीही होतच होती. खड्यानं नळी अर्धीच अडवलीय." राच्चनीच्या डोळ्यांसमोर कालची सोनोग्राफी होती; डावं मूत्रपिंड चांगलंच फुगलेलं. "वरच्या बाजूला लघवी तुंबते, आत दाब वाढतो. मग तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त कमी पोचतं आणि मूत्रपिंड वाळत जातं. दुखायचं थांबलं, तरीही."

"अहो, पोरीला कुणीतरी पाणी द्या," गुरुजी म्हणाले. "दाब हिचाच वाढलाय."

लोक खदखदून हसले. उद्याची वेळ टळली, तर बाबा पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, हे राच्चनीला ठाऊक होतं.

तेवढ्यात पंगत बसली. नोईमावशी भाताच्या बांबूच्या टोपल्या वाटत सुटली. सगळ्यांच्या टोपल्या सारख्याच. कुणाची कुठली, कोण बघतो? गुरुजींच्या झोळीजवळची टोपलीही तिनं उचलली.

"ए बाई, ती नको!" गुरुजी ओरडले. "मंतरलेला भात आहे तो!"

"मग आधी मलाच!" म्हणत मावशीनं गोळा तोंडात टाकला आणि टोपली पुढे सरकवली.

कडक! मावशीची दाढ. कडक! सरपंचांची.

"माझ्या तोंडात मुतखडा!" सरपंच किंचाळले. "कुणाचा आहे हा?"

राच्चनीनं उरलेले गोळे फोडले. प्रत्येकात तसाच काळा, गुळगुळीत, ओढ्यातला खडा.

"गुरुजी, हे कुणाच्या पाठीतले?"

"ते... आगाऊ काढून ठेवलेत."

आता अंगण हसलं ते गुरुजींना. काकांनी मात्र निमूटपणे सदरा चढवला. "चल राच्चनी. उद्या किती वाजता?"

खरा खडा निघाला तो पिवळट आणि काटेरी. काका आता गावात कुठलाही चमत्कारवाला आला की पुढे होतात आणि म्हणतात, "गुरुजी, पाठीवर मग फिरवा. आधी गोळा फोडून दाखवा."