टॉलिव्हरसाहेबांचा हातमोजा

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना चामडी हातमोजा आहे आणि मी चिडलेलो आहे. वय शंभराच्या पुढे, तेव्हा दोन्ही गोष्टी चालवून घ्या.

माझे मालक एझ्रा टॉलिव्हर. फलंदाजामागे बसून चेंडू अडवायचा, हे त्यांचं काम, आपल्या विकेटकीपरसारखं. अमेरिकेतल्या पगारी संघांत खेळलेल्या पहिल्या काही काळ्या खेळाडूंपैकी ते एक. चेंडू लागून बोट मोडलं की टाळ्या पडत. संघाचा फोटो काढायचा झाला की गोरे सोबती म्हणत, "एझ्रा, जरा बाजूला हो." हॉटेलवालेही तेच म्हणत. शेवटी संघाच्या मालकांनीही तेच म्हटलं, फक्त जास्त सभ्यपणे. मग साहेबांनी स्वतःचा संघ काढला, बारा वर्षं मॅनेजर म्हणून चालवला आणि माझ्या आत शाईनं लिहिलं : 'ई. टॉलिव्हर, मॅनेजर'.

त्यांची नात शिक्षिका. तिनं मला सिंगापूरला आणलं. तिथल्या बुकित तिमाह भागातला कॉन्डो सोडून २००६ साली ती परत निघाली, तेव्हा मला शेजारच्या ऋताकडे सोपवून म्हणाली, "माझ्यामागे कोणी नाही. आजोबांचं नाव घेत जा."

खंडेनवमीला ऋताच्या आईनं, मेधाताईंनी, मला लॅपटॉपशेजारी पाटावर मांडलं. त्याआधी, पूजेत मळकं नको म्हणून, खोबरेल लावून आतून खसाखसा पुसलं. सगळी शाई फडक्यावर आली. वर हळदकुंकू वाहिलं. अपमान पुष्कळ सोसले होते. पूजा करून केलेला हा पहिलाच.

त्याच आठवड्यात ऋताच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि ती मला तिथं मांडणार होती.

"आई, तू त्यांचं नावच वाइप केलंस, लाह," ऋता म्हणाली, वाक्याला नेहमीचं सिंगापुरी शेपूट लावून.

"अगं, मला वाटलं डाग आहे."

ऋताचे बाबा पद्माकरराव बँकेतले, सावध गृहस्थ. म्हणाले, "झालं ते बरंच झालं. कार्डावर 'जुना अमेरिकन हातमोजा' एवढंच लिही. काळा-गोरा कशाला हवंय? आपण इथे पाहुणे."

"बाबा, आपण सिटिझन आहोत."

"तरीसुद्धा."

प्रदर्शनात माझ्यापुढे ऋताच्या अक्षरातलं कार्ड होतं : 'एझ्रा टॉलिव्हर. खेळाडू, मॅनेजर. काळे म्हणून यांना संघातून काढलं. यांचं नाव माझ्या घरी पुसलं गेलं.'

पद्माकररावांनी ते वाचलं. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी?"

"हो," ते म्हणाले. "आमच्याच."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर स्वच्छ ठेवा. पण फडकं उचलण्याआधी आत काय लिहिलंय, ते एकदा मोठ्यानं वाचा.