माळंबीचा नागू

चहाची किटली खळ्याच्या कडेला ठेवून राजेश्वरी उभीच राहिली. ती बसली असती तर विषय तिथेच संपल्यासारखा झाला असता.

"यंदा एक गोल न्हाई त्याचा," लखूनं कप उचलत म्हटलं. लखू चाफेरीचा गोलकीपर. "मी जाळ्यात उभा राहणारा माणूस, तरी माझा एक हाय. आपल्याच जाळ्यात हाय, म्हणून काय झालं!"

सगळे हसले. कप्तान सूरज तेवढा हसला नाही.

"त्याला पास देतंय कोण?" तो म्हणाला. "रामनगरच्या मॅचला मी बघितलंय न्हवं. नागू मोकळा उभा, हात वर करून करून दमला. त्याचीच माणसं बाजूनं पळत गेली, पण एकानं मान वर केली न्हाई."

"का देत न्हाईत ते सगळ्यांस्नी ठाव हाय," गणपती अण्णा म्हणाले, आणि राजेश्वरीकडे न बघता चहाचा घोट घेतला. तिचे वडील गेल्यापासून संघात अण्णांचा शब्द शेवटचा.

ठाऊक तर तिलाही होतं. चाफेरी आणि माळंबी ही ओढ्याच्या अल्याडपल्याडची गावं. भात कापून झालं की तिच्या वडिलांच्या, यशवंतांच्या शेताचे बांध मोडून मैदान होई, आणि शिट्टीही यशवंतांच्याच हातात असे. मैदान चाफेरीच्या माणसाचं, रेफ्री चाफेरीचा, तरी माळंबीनं त्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. गेल्या वर्षी शिमग्याआधीच्या फायनलमध्ये नागूनं गर्दीतून गोल केला. माळंबीची माणसं नाचत मैदानात शिरली. यशवंत नागूजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "हात लागला काय रे?" नागूनं मान डोलावली. लागला होता. गोल रद्द झाला, माळंबी हरली.

तिथवर सगळं खेळातलंच होतं. पण बक्षिसाच्या वेळी यशवंतांनी माईक मागून घेतला. "मला दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "ह्या पोरानं स्वतः सांगितलं. असा खेळाडू तालुक्यात न्हाई." चाफेरीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. माळंबीची माणसं आपापल्या चपला शोधत होती.

"अक्का, तुझं म्हणणं तरी काय?" सूरजनं विचारलं.

"त्याला आपल्यात घ्या."

"घिऊया की," लखू म्हणाला. "उद्या आपला गोल झाला की सांगंल रेफ्रीला, हात लागला हुता म्हणून!"

या वेळी कुणी हसलं नाही. ज्याला त्याला तीच भीती होती, आणि ती बोलून दाखवायला लखूच लागला होता.

अण्णांनी कप पालथा घातला. "आपला फॉरवर्ड गोव्याला कामाला गेलाय. दुसरा कोण दिसत न्हाई. घिऊया. पण राजेश्वरी, तू आधी त्याच्याशी बोल. मैदानात तोंड मिटून खेळायचं म्हणावं. कुणी काय विचारलं तर रेफ्रीचं रेफ्री बघून घेईल."

"अण्णा, त्या दिवशी टाळ्या आपणच वाजवल्या होत्या."

"वाजवल्या की. तवा त्यो त्यांच्यात हुता."

राजेश्वरीनं कप गोळा केले. "बोलते," ती म्हणाली. नागूला निरोप द्यायचा, पण त्यातलं तोंड मिटायचं तेवढं गाळायचं, हे किटली उचलेपर्यंत तिचं ठरलं होतं.

यशवंत अंथरुणाला खिळल्यावर फुटबॉलबद्दल बोलत नसत. पावसात एका दुपारी ती त्यांना पेज भरवत होती. त्यांनी चमचा हातानं बाजूला केला. "शिट्टी मारून गप बसायला पायजे हुतं मी," ते म्हणाले. "मीच बघितलं म्हणायचं हुतं. माळंबीनं मला श्या घातल्या असत्या. म्हातारा माणूस मी, माझं काय जाणार हुतं?" तिनं विचारलं, कशाबद्दल बोलताय? पण उत्तराची वाट न बघता तिनं चमचा पुन्हा पुढे केला. पेज निवत होती, ती आधी संपावी असं तिला वाटत होतं. त्या बोलण्याचा अर्थ तिला लागला तोवर घरात भेटायला येणाऱ्यांसाठी सतरंज्या अंथरल्या होत्या.

नागू गणेशगुडीला नदीवर कामाला होता. ती पोहोचली तेव्हा तो काठावर रबरी बोटीत पायपंपानं हवा भरत होता. बोटी निघायला धरणाचं पाणी सुटावं लागे, त्याला अजून अवकाश होता. पर्यटक झाडांखाली फोटो काढत होते.

"अक्का! तुम्ही?"

"बाबा गेल्यावर तू आला नाहीस."

"आलो हुतो." त्याचा पाय पंपावर खालीवर होत राहिला. "ओढ्यापतोर आलो हुतो. आमच्या गावची माणसं तुमच्या अंगणात बसल्याली दिसली. मग परत गेलो."

ती एका दगडावर बसली. वाटेत जुळवलेली वाक्यं तिला नकोशी झाली. "बाबांना वाटायचं, त्या दिवशी माईकवर त्यांनी तुझं नाव घ्यायला नको होतं. शेवटपर्यंत वाटायचं."

"यशवंतमामांचं काय चुकलं न्हाई. त्यांनी खरं तेच सांगितलं." त्यानं पंपाची नळी घट्ट दाबून बसवली. "मी बी खरंच सांगितलं हुतं."

"आमच्याकडून खेळशील?"

पंप थांबला. नागूनं दोन्ही हात पँटला पुसले, जणू कुणी काही हातात देणार होतं.

"मला पास मिळंल?"

"सूरज म्हणतो, मिळेल."

त्यानं मागे वळून बघितलं. त्याचे सोबती वल्ही मोजून घेत होते. तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, त्यांस्नी एक सांगा. भिऊ नका म्हणावं. आता मला कुणी विचारलं तरी मी काय सांगत न्हाई. शिकलो मी."

राजेश्वरीच्या ओठांवर आलं, तू सांगत जा. पण त्याच्याकडे बघताना तिला ते बोलवलं नाही. तिनं ते म्हटलं असतं, तर बाबांनंतर आणखी एका चांगल्या माणसानं त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला एकटं सोडल्यासारखं झालं असतं. ती दगडावरून उठली. मग म्हणाली, "सराव बुधवारी आहे."

तिनं तिथूनच अण्णांना फोन लावला.

"येतोय तो."

"आन ते? बोललीस न्हवं?"

"मला बोलावं लागलं नाही. त्यानंच सांगितलं."

"आपनहून? मग झ्याकच झालं की!" पलीकडे अण्णांनी कुणाला तरी मोठ्यानं ती बातमी दिली, आणि लखूची शीळ फोनमधून ऐकू आली.

"काय म्हणाले?" नागूनं विचारलं.

"खूश झाले."

तो हसला. वर्षभरात तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं; खरं तर तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. "बूट न्हाईत हो माझ्याकडं," तो म्हणाला. "हुते ते संघाचे हुते, रामनगरच्या मॅचनंतर माळंबीनं काढून घेतले. बघतो कुणाकडं तरी." थोडा वेळ तो बोटीच्या फुगलेल्या कडेवर थापट्या मारत राहिला. "नंबर कुठला मिळंल, अक्का?"

"तुला हवा तो."

"मग नऊ, फॉरवर्डचा," तो लगेच म्हणाला, आणि लाजून पुन्हा पंपावर पाय ठेवला.