रक्त द्यायला आलेले अकरा जण

मुरारीकाका मुंबईहून एकटा आलाच नाही. महाडच्या दवाखान्यापुढे जीप थांबली आणि कुडपण गावच्या मुंबईतल्या मंडळाचे अकरा गडी त्याच्यामागून उतरले, ऋतिकाला रक्त द्यायला. सगळे पोटभर न्याहारी करून, बाह्या दुमडून तयार.

ऋतिकाचं अपेंडिक्स महिन्यापूर्वीच निघालं होतं. दहावीतली पोर, टाके सुकताच शाळेत हजर. मग तपासणीचा कागद आला. काढलेल्या अपेंडिक्सात दीड सेंटिमीटरची गाठ होती, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे कर्करोगाचाच एक प्रकार. कुडपणात मोठे निर्णय मुंबईवाले घेतात, तसा काकाने हाही घेऊन टाकला. ओळखीतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की अशा वेळी उजव्या बाजूचं मोठं आतडंही काढतात. लगेच मंडळाची बैठक झाली, रक्तगट जुळवले, जीप ठरली. जिचं आतडं, तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

ऋतिकाने वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून आणले होते. घाट उतरताना आई, शकू, दोनदा म्हणाली होती, काकांपुढं जास्ती बोलू नको गो. ऋतिकाने दोनदा मान हलवली आणि दोन प्रश्न वाढवले.

आत गेल्या गेल्या काकाने डॉक्टरीणबाईंपुढे रक्तगटांची यादी ठेवली. "माझ्यासकट बारा जण हाव. तारीख तेवढी द्या."

मग तीच यादी परत उचलून त्याने नावं पहिल्यापासून मोजली, आणि पुन्हा एकदा मोजली. अरेच्चा, काका घाबरलाय, ऋतिकाला कळलं, आणि तिची स्वतःची भीती निम्मी झाली.

"मॅडम, मी विचारू?"

काकाने डोळे वटारले. तिने वही उघडलीसुद्धा. गाठ पूर्ण निघाली का? पूर्ण, बाई म्हणाल्या. कडेला काही उरलेलं नाही, आणि जातही सावकाश वाढणारी.

"मग आतडं काढलं तर मी जास्त जगेन का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. काकांचं अगदीच चूक नाही, त्या म्हणाल्या, पूर्वी एवढ्या गाठीला आतडं काढायचे. पण पुढे कितीतरी देशांतल्या अशाच शेकडो रुग्णांचं काय झालं, ते डॉक्टरांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून पाहिलं. काहींचं आतडं काढलं होतं, काहींचं नव्हतं. जगण्यात काडीचा फरक नव्हता.

"आणि चुकलं तर?" काकाने हळूच विचारलं.

शंभर टक्के हमी कशाचीच नसते, बाई म्हणाल्या; पण आतडं काढलं तर पोटाचा त्रास मात्र जन्माचा मागे लागू शकतो. मग त्या ऋतिकाकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"

"मला नको, मॅडम."

काका काही बोलणार, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"पोर म्हणते तेच बरोबर हाय, भावोजी. नाय कापायचं."

शकू दिराच्या शब्दाला पहिल्यांदाच आडवी आली होती. काका तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने यादीची घडी घातली आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

बाहेर येईपर्यंत काका सावरला. त्याने अकरा जणांना ऐकवलं, की डॉक्टरला आपणच सांगितलं, उगा कापाकापी नको. कुशाबा तेवढा कुरकुरला, आठ दिवस बीट खाल्लं ते फुकट गेलं म्हणून. ऋतिकाने काकाचं बोलणं खुशाल चालू दिलं.

जीपमध्ये मात्र ती आईला घेऊन थेट काकाच्या पुढच्या जागेवर बसली. काका दारापाशी घुटमळला, आणि निमूट मागे अकरा जणांत शिरला.